राजीनामा म्हणून नोंदवलेली कपात: स्वतंत्र संचालकांना खुले पत्र

प्रति,
मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांचे स्वतंत्र संचालक,
तसेच नामनिर्देशन व मोबदला समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य

विषय: सक्तीने घेतलेले राजीनामे 'स्वेच्छेने' म्हणून नोंदवण्याबाबत

महोदय, महोदया,

मी तेवीस वर्षे पुण्यातील एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ वर्षे मी डिलिव्हरी मॅनेजर होतो आणि माझ्या हाताखाली चार प्रकल्पांवर मिळून सुमारे एकशेचाळीस माणसे काम करत होती. आता मी निवृत्त आहे. हे पत्र मी कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना लिहू शकलो असतो, पण जे त्यांना आधीच ठाऊक आहे ते त्यांना पुन्हा कळवून काय साधणार? आपली गोष्ट वेगळी आहे: आपण संचालक मंडळावर असता, पण व्यवस्थापनाचा भाग नसता. मनुष्यबळाविषयीचे जे तक्ते दर तिमाहीला आपल्यासमोर ठेवले जातात, त्यांतली माहिती भरणाऱ्या शेकडो हातांपैकी एक हात माझा होता. त्या तक्त्यांतला निदान एक रकाना खोटा असतो, हे मी स्वतः तो भरला असल्यामुळे खात्रीने सांगू शकतो.

तो रकाना आहे 'नोकरी सोडण्याचे कारण'.

जुलै २०२३ मध्ये परदेशातील एका ग्राहकाने आमचा एक प्रकल्प मुदतीआधीच बंद केला. त्यावर काम करणारी बावीस माणसे बेंचवर आली, म्हणजे पगार चालू पण हाती प्रकल्प नाही अशी झाली. त्यातल्या काहींना दुसऱ्या प्रकल्पांत घेतले गेले आणि काहीजण तसेच राहिले. वार्षिक अप्रेझलनंतरची 'नॉर्मलायझेशन'ची, म्हणजे सगळ्यांची रेटिंग्ज ठरावीक टक्केवारीत बसवण्याची, बैठक त्याच सुमारास झाली. प्रत्येक व्यवस्थापकाने आपल्या माणसांपैकी तळाचे पाच टक्के निवडावेत, असा वरून आलेला दंडक होता. एकशेचाळीसचे पाच टक्के म्हणजे सात. मी सात नावे दिली. त्यातली दोन नावे खरोखर कामात कमी पडणाऱ्यांची होती, हे मी आजही म्हणेन. उरलेली पाच नावे त्या महिन्यात ज्यांच्याकडे प्रकल्प नव्हता त्यांची होती, आणि ती देताना या पाच जणांच्या कामात खोट नाही हे मला माहीत होते.

त्या पाचांपैकी एकजण अकरा वर्षे कंपनीत होता. चाचणी विभागात काम करणारा, वय एक्केचाळीस, आदल्या दोन वर्षांत रेटिंग चांगले मिळालेला. त्याला तीस दिवसांच्या 'पीआयपी'वर, म्हणजे कामगिरी सुधारण्याच्या योजनेवर घालण्यात आले. हाती प्रकल्पच नसलेल्या माणसाने कामगिरी कशात सुधारायची होती, याचे उत्तर त्या योजनेच्या कागदावर नव्हते, आणि योजना सुरू होण्याआधीच तिचा निकाल लागलेला आहे हे मला सांगण्यात आले होते. तीस दिवस संपल्यावर त्याला दुसऱ्या मजल्यावरील एका छोट्या बैठकीच्या खोलीत बोलावले. तिथे एचआरमधली, म्हणजे मानव संसाधन विभागातली, एक तरुण मुलगी होती, जिला हे काम तिच्या वरिष्ठांनी दिले होते, आणि मी होतो. टेबलावर राजीनाम्याचा मजकूर टाइप करून ठेवलेला होता. त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले गेले. दुपारी चारपर्यंत सही केली तर दोन महिन्यांचे मूळ वेतन आणि स्वच्छ रिलीव्हिंग लेटर मिळेल. सही केली नाही तर कंपनी काढून टाकेल आणि पुढची कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे मागच्या नोकरीची पडताळणी, करील तेव्हा तसेच कळवले जाईल. मला दिलेल्या सूचना स्पष्ट होत्या: कागदावर लिहून दिलेल्या चार वाक्यांपलीकडे काही बोलायचे नाही.

त्याने एचआरकडे पाहिलेच नाही. माझ्याकडे वळून त्याने विचारले, "सर, मी कामचुकार आहे का? तेवढंच सांगा." मी गप्प राहिलो. साडेतीन वाजता त्याने सही केली, अॅक्सेस कार्ड आणि लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि सुरक्षारक्षकासोबत खाली गेला.

संध्याकाळी मला प्रणालीत त्याचा राजीनामा मंजूर करायचा होता. 'नोकरी सोडण्याचे कारण' या रकान्यात आधीच ठरवून दिलेली काही कारणे होती: उच्च शिक्षण, अधिक चांगली संधी, कौटुंबिक कारण, प्रकृती, वैयक्तिक कारण. कंपनीने सांगितले म्हणून, असे एकही कारण त्या यादीत नव्हते. मी 'वैयक्तिक कारण' निवडले आणि सातही जणांसाठी तेच निवडले.

आता हा रकाना पुढे कुठे जातो ते पाहावे. अनेक मोठ्या आयटी कंपन्या दर तिमाहीच्या निकालांसोबत नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण जाहीर करतात, आणि त्यातल्या काही ते 'स्वेच्छेने सोडलेले' या नावानेच मोजतात. माझी सात माणसे त्या आकड्यात गेली. बाजारातल्या विश्लेषकांनी तो आकडा वाचला, आपण तो वाचला, आणि सेबीने, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाने, २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सक्तीचा केलेल्या व्यवसाय-उत्तरदायित्व अहवालातही, ज्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचे तीन वर्षांचे प्रमाण द्यावे लागते, त्याच नोंदींवर बेतलेली आकडेवारी गेली. कोणाला काढले आणि कोण आपणहून गेले, हा भेद कंपनीच्या मूळ दप्तरातच पुसलेला असेल, तर वरच्या कुठल्याही समितीला, कितीही बारकाईने वाचले तरी, तो सापडणार नाही.

दीड महिन्याने टाउनहॉल, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांची सभा, झाली. सभागृहात काही शे माणसे होती आणि बाकीची पडद्यावरून पाहत होती. आमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी सांगितले की इतर कंपन्या माणसे कमी करत असताना आपण एकही कपात केलेली नाही, आणि याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. टाळ्या वाजल्या. मी माझ्या संघासोबत मधल्या रांगेत बसलो होतो आणि ज्यांच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या ती माणसे माझ्या डावी-उजवीकडे होती. त्यांच्यातले कोणी काही बोलले नाही, कोणी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्या अधिकाऱ्यांना खरे काय ते माहीत होते की त्यांच्यापर्यंतही तोच रकाना पोहोचला होता, हे मी सांगू शकत नाही. दोन्हींपैकी काहीही खरे असले तरी ते तितकेच गंभीर आहे, असे माझे मत आहे.

कर्मचाऱ्यांचा विश्वास उडाला म्हणजे नेमके काय होते, हे वरून दिसत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माणसे संतापत नाहीत किंवा काम सोडून बसत नाहीत. घरी हप्ते असतात, मुलांच्या शाळा असतात, हिंजवडीचा रोजचा दीड तासांचा प्रवास करून माणसे येतच राहतात. जे थांबते ते खरे बोलणे. त्या टाउनहॉलनंतरच्या सहा महिन्यांत माझ्या साप्ताहिक आढाव्यात प्रकल्पांचे सगळे निर्देशक हिरवे दिसू लागले. पूर्वी एखादी मुलगी उभी राहून म्हणायची, "ही तारीख जमणार नाही, आत्ताच ग्राहकाला सांगा." ती आता म्हणू लागली, "प्रयत्न सुरू आहेत." एका प्रकल्पात आकडेमोडीतली एक गंभीर चूक तीन जणांना आठ आठवडे माहीत होती आणि एकानेही ती वर सांगितली नाही, कारण चूक सांगणाऱ्याचे नाव पुढच्या नॉर्मलायझेशनच्या यादीत जाते अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. ती समजूत चुकीची आहे असे मी त्यांना सांगितले, पण माझ्या शब्दाला तोवर किंमत उरली नव्हती. आपल्या दृष्टीने पाहिले तर हा थेट जोखीम-व्यवस्थापनाचा प्रश्न आहे. ज्या कंपनीत वरून खाली खोटे उतरते, त्या कंपनीत खालून वर खरे चढत नाही, आणि संचालक मंडळ तर सगळ्यात वर बसलेले असते.

कायद्याने आपल्यावर काय सोपवले आहे, याची आठवण करून देणे कदाचित आगाऊपणाचे वाटेल, तरीही देतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६६(२) नुसार संचालकाने कंपनीच्या, तिच्या कर्मचाऱ्यांच्या, भागधारकांच्या आणि समाजाच्या हितासाठी सद्भावनेने वागायचे असते. त्या यादीत कर्मचाऱ्यांचा उल्लेख भागधारकांच्या आधी येतो. मात्र त्याच कायद्याची यंत्रणा पाहिली की चित्र बदलते. भागधारक, कर्जरोखेधारक आणि ठेवीदार मिळून १,००० पेक्षा जास्त असतील तर त्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कलम १७८(५) प्रमाणे संचालक मंडळाची स्वतंत्र समिती नेमावीच लागते. एखाद्याला लाभांश मिळाला नाही, शेअरचे हस्तांतरण अडले, तर संचालकांची समिती त्यात लक्ष घालते. अकरा वर्षे नोकरी केलेल्या माणसाला एका दुपारी खोलीत बसवून सही घेतली, तर ते ऐकायला संचालकांची कोणतीही समिती नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्याच एका वेगळ्या कायद्याने अंतर्गत समिती आहे, आणि तिने कितीतरी स्त्रियांना आधार दिलेला मी पाहिला आहे. कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली 'व्हिजिल मेकॅनिझम', म्हणजे गैरप्रकार कळवण्याची यंत्रणा, आहे, जिच्यातून योग्य प्रकरणी कर्मचाऱ्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाता यावे अशी तरतूद आहे. पण ती यंत्रणा प्रामुख्याने गैरव्यवहार आणि फसवणूक यांच्यासाठी आहे, असे प्रशिक्षणात शिकवले जाते, आणि सक्तीचा राजीनामा हीही एक फसवणूकच आहे असे आजवर कोणी तिथे मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

राजीनामा आणि कपात यांतला फरक केवळ शब्दांचा असता, तर मी हे पत्र लिहिले नसते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-एफ नुसार किमान वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती भरपाई कायम ठेवली, आणि शिवाय कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे, असे सांगितले. म्हणजे नवे काम शिकण्यासाठी त्याच्या हातात काही पैसे यावेत, हा हेतू. राजीनाम्यावर सही झाली की यातले काहीच लागू होत नाही. माझ्या त्या सहकाऱ्याच्या अकरा वर्षांची भरपाईच सुमारे साडेपाच महिन्यांच्या वेतनाइतकी झाली असती, आणि त्याला मिळाले दोन महिन्यांचे मूळ वेतन. तो कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरला असता की नाही, यावर वाद झाला असता हे मला मान्य आहे. सॉफ्टवेअरमधल्या माणसाच्या पदनामात 'लीड' किंवा 'मॅनेजर' असा शब्द जोडून कंपन्या हा वाद आधीच अवघड करून ठेवतात. पण तो वाद व्हायला हवा होता, आणि तो ऐकायला न्यायालये आहेत. सही घेतली गेली ती नेमका तो वादच उभा राहू नये म्हणून. दडपणाखाली दिलेला राजीनामा हा राजीनामा नव्हे, असे आपल्या न्यायालयांनी मानलेले आहे, पण दबाव होता हे सिद्ध करण्याचे ओझे फोन आणि लॅपटॉप काढून घेतलेल्या, पुढच्या नोकरीसाठी त्याच कंपनीच्या पत्रावर अवलंबून असलेल्या माणसावर पडते.

माझे वडील पिंपरीतील एका कारखान्यात फिटर होते. तिथे दर तीन वर्षांनी युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात वेतनाचा करार व्हायचा. वाटाघाटी महिनोन्महिने चालत, कधी गेटसभा होत, कधी प्रकरण संपापर्यंत जाई, आणि घरात त्या काळात भाजी मोजून आणली जाई. पण करार झाला की तो मराठीत टाइप करून गेटजवळच्या फलकावर लागे. मूळ पगारात किती, महागाई भत्त्यात किती, कोणत्या श्रेणीला किती, मागच्या तारखेपासूनची थकबाकी कधी मिळणार, सगळे आकडे त्यात असत. वडिलांना तो करार नेहमीच आवडे असे नाही. मी सातवीत असताना झालेल्या कराराला ते "निम्म्यावर तोडलेला" म्हणत. तरी व्यवस्थापनाने आपल्याला फसवले, असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही, कारण काय ठरले आणि कसे ठरले हे शेवटच्या हेल्परलाही माहीत असे. मी नोकरीला लागलो तेव्हा माझा पहिला पगार त्यांच्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त होता. माझ्या पत्रावर 'गोपनीय' असा शिक्का होता आणि पगार कोणालाही सांगू नये अशी अट होती. त्यांनी ते पत्र हातात घेऊन विचारले, "हे लपवायचं कशाला?" तेव्हा मला तो प्रश्न जुन्या वळणाच्या माणसाचा वाटला होता.

ठरावीक टक्के माणसे तळाला टाकणाऱ्या सक्तीच्या क्रमवारीविषयी फार लिहीत नाही, कारण तिच्याविषयी जगभर पुरेसे लिहून झाले आहे. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी दरवर्षी तळाच्या दहा टक्क्यांना वेगळे काढण्याची पद्धत रुजवली आणि ती पुढे सगळीकडे पसरली. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये आपल्याकडची तशी क्रमवारी बंद केली. आपल्याकडेही अनेक कंपन्यांनी 'बेल कर्व्ह', म्हणजे हीच क्रमवारी, सोडल्याचे जाहीर केले आहे. माझा अनुभव असा की नाव सोडले जाते, टक्केवारी राहते. ती लेखी धोरणात नसते. बैठकीत तोंडी सांगितली जाते, किंवा मानव संसाधन विभागाच्या तक्त्यात एका कोपऱ्यात 'अपेक्षित वितरण' म्हणून दिसते.

मोबदल्याविषयी मात्र बोलले पाहिजे, कारण तो विषय थेट आपल्या समितीचा आहे. कंपनी कायद्याच्या कलम १९७(१२) मुळे प्रत्येक सूचिबद्ध कंपनीला प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचे मध्यम कर्मचाऱ्याच्या मोबदल्याशी असलेले गुणोत्तर संचालक मंडळाच्या अहवालात छापावे लागते. मध्यम कर्मचारी म्हणजे सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले तर रांगेच्या बरोबर मध्ये येणारा. काही मोठ्या आयटी कंपन्यांत हे गुणोत्तर शेकड्यांत आहे. एकटा आकडा पाहून मी कोणाला दोष देणार नाही. समभागांच्या किमतीमुळे एखाद्या वर्षी तो फुगतो हे मला समजते. मात्र नियमाप्रमाणे त्याच अहवालात कर्मचाऱ्यांच्या पगारातली सरासरी वाढ आणि वरिष्ठ व्यवस्थापनाच्या मोबदल्यातली वाढ शेजारी-शेजारी देऊन फरकाचे समर्थनही करावे लागते, आणि त्या समर्थनाची भाषा वाचली की मन खिन्न होते. दरवर्षी तीच दोन वाक्ये, बाजाराशी सुसंगत आणि कामगिरीशी निगडित. नव्याने लागणाऱ्या अभियंत्याचे वार्षिक पॅकेज २०१० च्या सुमारास सव्वातीन लाखांच्या आसपास होते आणि आजही कित्येक मोठ्या कंपन्यांत ते साडेतीन-चार लाखांच्या घरात आहे. या काळात पुण्यातले घरभाडे कुठे गेले, हे मुलाला वाकडला खोली शोधून देणाऱ्या कोणत्याही पालकाला विचारावे. एप्रिल २०१७ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तिथल्या एका सर्वोच्च अधिकाऱ्याच्या मोबदल्यातील वाढीवर जाहीर हरकत घेतली, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता: बहुतेक कर्मचाऱ्यांना सहा ते आठ टक्के वाढ देताना वरच्या माणसाला साठ-सत्तर टक्के दिली, तर कष्ट करा आणि खर्च जपा हे इतरांना कोणत्या तोंडाने सांगायचे? हा प्रश्न आपल्या समितीच्या बैठकीत आतून विचारला जावा, त्यासाठी संस्थापकाला बाहेरून पत्र लिहावे लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

माणसे कधीच कमी करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. ग्राहक जातात, तंत्रज्ञान बदलते, ज्या कामाला चाळीस माणसे लागत त्याला आता बारा पुरतात. मी स्वतः प्रकल्पांचे अंदाजपत्रक सांभाळले आहे आणि बेंचवरच्या माणसाचा महिन्याचा खर्च मला पाठ होता. पण हे उघडपणे करता येते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणि १९२० मध्ये भविष्य निर्वाह निधी सुरू करणाऱ्या जमशेदपूरच्या टाटा स्टीलवर उदारीकरणानंतर मनुष्यबळ कमी करण्याची वेळ आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे ७८ हजार माणसे होती आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ती संख्या निम्म्यावर आली. ज्यांनी लवकर सेवानिवृत्ती स्वीकारली त्यांना निवृत्तीच्या वयापर्यंत दरमहा रक्कम देण्याची योजना तिथे युनियनला विश्वासात घेऊन राबवली गेली. त्या काळात सगळे सुखाने झाले असे मी म्हणत नाही. नोकरी जाणे हे नोकरी जाणेच असते. पण कंपनीला माणसे कमी करायची आहेत, हे कंपनीने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. कामगारांना त्यांच्याच हस्ताक्षरात ते लिहून द्यावे लागले नाही.

कर्मचारीही नेहमी प्रामाणिक असतात असे नाही, हे लिहिल्याशिवाय हे पत्र न्याय्य होणार नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये बाजार तेजीत असताना एकाच वेळी तीन-तीन कंपन्यांची ऑफर घेऊन रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद करणारे उमेदवार मी पाहिले. अनुभवाची खोटी प्रमाणपत्रे पाहिली, घरून काम करताना दोन नोकऱ्या करणारेही पाहिले. अशांवर कंपनी कारवाई करते आणि ती योग्यच आहे. रुजू होणाऱ्याने आपल्या अर्जात मागच्या नोकरीचे तीन महिने जास्त दाखवले, तर पडताळणी करणारी संस्था ते शोधून काढते आणि त्याची नोकरी जाते. मग त्याच माणसाला निरोप देताना कंपनी जी नोंद करते, तिची पडताळणी कोणी करत नाही, हे आपल्याला विसंगत वाटत नाही का? आणि त्याच तेजीच्या वर्षांत महाविद्यालयांत जाऊन ऑफर देऊन आलेल्या कंपन्यांनी पुढे नव्या पदवीधरांना वर्षवर्षभर रुजू करून घेतले नाही, तेव्हा दिलेला शब्द मोडल्याची नोंद कोणाच्या दप्तरी झाली?

सत्यम् कॉम्प्युटर सर्व्हिसेसचा विषय आपल्यापैकी अनेकांना प्रशिक्षणात शिकवला गेला असेल. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नाही. त्या संचालक मंडळात नामवंत प्राध्यापक होते, निवृत्त सनदी अधिकारी होते, तंत्रज्ञानातली मोठी नावे होती, आणि कंपनीला काही महिने आधीच सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. बुद्धीची किंवा प्रतिष्ठेची वानवा नव्हती. समोर आलेला कागद खरा धरून चालले, एवढेच घडले. त्या प्रकरणाची दुसरी बाजू मात्र फारशी शिकवली जात नाही. सरकारने नवे मंडळ नेमले आणि एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने कंपनी घेतली, त्या मधल्या तीन महिन्यांत पगार होतील की नाही याची शाश्वती नसताना हजारो अभियंते रोज कामावर येऊन ग्राहकांचे काम करत राहिले. विकत घेण्याजोगे काही उरले ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. सत्यम् नंतर आपण पैशांच्या नोंदींवर कडक पहारे बसवले, लेखापरीक्षक ठरावीक मुदतीने बदलू लागलो. माणसांच्या नोंदींवर पहारा अजून बसायचा आहे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. कायद्यात बदल होण्याची वाटही पाहावी लागणार नाही, कारण कंपनी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीने आपल्याला वर्षातून किमान एकदा व्यवस्थापनाच्या अनुपस्थितीत, फक्त स्वतंत्र संचालकांची बैठक घेण्यास सांगितलेच आहे. त्या बैठकीच्या आधी, मागच्या सहा महिन्यांत 'वैयक्तिक कारणाने' राजीनामा दिलेल्या माणसांच्या यादीतून आपण स्वतः, मानव संसाधन विभागाला न विचारता, वीस-पंचवीस नावे निवडावीत आणि बाहेरच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीकरवी त्यांना फोन करवावा. प्रश्न एकच विचारावा: राजीनाम्याचा मजकूर तुम्ही स्वतः लिहिला होता का? राजीनाम्याआधीच्या साठ दिवसांत ज्यांना पीआयपीवर घातले होते अशांचे प्रमाण किती, हेही त्याच यादीवरून एका दुपारात काढता येते. सही करण्याआधी किमान सात दिवसांचा अवधी आणि सोबत एखादा सहकारी आणण्याची मुभा, ही अट आपण मंडळाच्या ठरावाने घालू शकता. रकान्यात 'कंपनीच्या निर्णयाने' असा पर्याय टाकायला एका प्रोग्रॅमरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. आणि तो पर्याय एकाही व्यवस्थापकाने वर्षभरात वापरला नाही असे दिसले, तर मोबदला समितीने त्या वर्षीच्या वरिष्ठांच्या व्हेरिएबलवर, म्हणजे कामगिरीनुसार मिळणाऱ्या वेतनावर, शिक्कामोर्तब करण्यापूर्वी तसे का झाले, हे विचारावे. वरच्या माणसाच्या पगाराशी जोडले गेल्याशिवाय मोठ्या कंपनीत कोणताही रकाना खरा भरला जात नाही, हे मी तेवीस वर्षांत पाहिले आहे.

मी या पत्राखाली नाव घातलेले नाही. माझ्या नावावरून कंपनी कळेल, कंपनीवरून तो संघ कळेल, आणि त्या सात जणांपैकी चौघे आज ज्या ठिकाणी नोकरी करतात तिथल्या अर्जात त्यांनीही 'वैयक्तिक कारण' असेच लिहिले आहे. माझ्या नोंदीमुळे त्यांना तेच लिहावे लागले. त्यांच्यासाठी मी गप्प राहणे आता योग्य आहे. त्या खोलीत योग्य नव्हते. आपल्यापैकी कोणत्याही मंडळाने किंवा समितीने बंद दाराआड बोलावले, तर मी येईन, माझे नाव, सातही प्रकरणांच्या तारखा आणि मी काय केले ते लेखी देईन.

त्या सहकाऱ्याला मी गेल्या दिवाळीत फोन केला. तो आता चाकणजवळच्या एका छोट्या कंपनीत आहे, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी त्याला दिले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "सर, हे कुठे लिहून द्याल का?"

आपला,
एक निवृत्त डिलिव्हरी मॅनेजर
पुणे